आज्जी शाळेत बाई होत्या, त्यांच्याबद्दल लिहायचं कसं?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. घरातली आई, आज्जी किंवा सासूबाई गेल्या, त्या जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवायच्या, आता वर्षश्राद्धाला छोटीशी पुस्तिका काढायचीये किंवा निदान पुढच्या पिढीसाठी चार पानं लिहून ठेवायचीयेत, आणि लिहायला बसलं की काही सुचत नाही. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर अशा काही घरगुती पुस्तिकांना हातभारही लावला, म्हणून संपादकांनी हा पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे पाठवला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच प्रश्न घेतेय.

प्रश्न : आमची आज्जी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होती. गेल्या मार्चमध्ये गेली. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांना तिच्याबद्दल लिहून पाठवा म्हटलं तर सगळ्यांचं सारखंच आलं, प्रेमळ, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, आदर्श शिक्षिका, आदर्श पत्नी, नातवंडांवर जीव. वाचताना आमची आज्जी वाटतच नाही, कुणाचीही वाटते. काय करू? (एक नात, पुणे)

उत्तर : ज्यांनी मनमिळाऊ लिहिलंय त्यांना फोन करा आणि विचारा, कधी बघितलंत? कुठे? समोर कोण होतं? फोनवर माणसं बोलतात, लिहायला सांगितलं की मात्र सगळ्यांना पेपरातली श्रद्धांजलीची जाहिरात आठवते. फोन रेकॉर्ड करून ठेवा, अर्थात त्यांना सांगून.

आणि दुसरं, आज्जींचा एक दिवस लिहून काढा, सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंतचा. त्या पाटोद्याकडच्या म्हणजे शक्यतो नोव्हेंबरमधला दिवस घ्या. का ते सांगते. तुमच्या भागात दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, धरतात, आणि लहान पोरं बरोबरच न्यावी लागतात कारण मागे बघणार कोण. ते लोक परत येणार थेट गुढीपाडव्याच्या आसपास किंवा त्याच्याही नंतर. म्हणजे दिवाळीची सुट्टी संपवून बाई शाळेत येतात तेव्हा पटावर नावं सगळी असतात आणि वर्गात निम्मी पोरं नसतात. आता हंगामी वसतिगृहं आहेत, पण तुमच्या आज्जी नोकरीला लागल्या तेव्हा असलं काही नव्हतं, त्यामुळे टोळ्या निघायच्या आधी संध्याकाळी वस्तीवर जायचं, पोरीच्या आज्जीपाशी बसायचं आणि म्हणायचं, म्हातारे, एवढी पोर ठेवून घे, चौथीची परीक्षा होऊ दे. हे काम करणाऱ्या कितीतरी बाया मी पाहिल्यात. त्याचा पगार मिळत नव्हता आणि सेवापुस्तकात त्याची नोंदही होत नव्हती. तुमच्या वडिलांना, आत्यांना विचारा, लहानपणी आपल्या घरी जेवायला आणखी कोण असायचं? मुक्कामाला कोण असायचं? एखादं तरी नाव निघेलच असं मला वाटतं, आणि ते नाव निघालं की त्या माणसाला शोधा. एखादी पोर हिवाळाभर तुमच्या घरी राहिली असेल तर एका पंक्तीला बाई, आई आणि गृहिणी तिघी बसल्या होत्या, मग शिक्षिका वेगळं प्रकरण, पत्नी वेगळं, आज्जी वेगळं असं पाडायची गरजच उरत नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर पहिल्यांदा घरातली ट्रंक बघा. बऱ्याच शिक्षकांनी दुय्यम सेवापुस्तक जपून ठेवलेलं असतं, म्हणजे सेवापुस्तकाची स्वतःजवळची प्रत. त्यात पहिली नेमणूक, मूळ पगार, बदल्या, वेतनवाढी, रजा, ट्रेनिंग सगळं तारखेनिशी सापडतं. त्यावरून एक तक्ता करा आणि प्रत्येक गावासमोर लिहा की तेव्हा घरात काय चाललं होतं. रजेच्या पानावर तर आपोआप घरचा इतिहास येतो, बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण, नणंदेचं लग्न. आज्जी नोकरीला लागल्याचं वर्ष 1962 च्या आधीचं असेल तर नेमणुकीच्या कागदावर जिल्हा परिषद दिसणार नाही, गोंधळून जाऊ नका, आपल्याकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या 1 मे 1962 ला. आणि 1972 चं वर्ष कुठल्या गावात गेलं ते आवर्जून शोधा. मराठवाड्यात तो दुष्काळ ज्यांनी काढला त्यांच्या बोलण्यात खडी फोडणं, सुकडी आणि मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी हे येतंच, आणि त्या वर्षी शाळेत पोरं कशी यायची, काय खाऊन यायची हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत. त्यांच्याकडे लवकर जा.

मग त्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना विनंती करा की आज्जींच्या काळातलं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, बघू द्या. फोटो काढू नका, त्यात दुसऱ्यांच्या जाती, जन्मतारखा असतात, नुसतं बघा. त्यांचं अक्षर तुम्हाला लगेच ओळखू येईल. जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली न्या, 1 जून, 1 जून, परत 1 जून. आईबापांना तारीख माहीत नसायची, पूर आला त्या साली झाला, थोरल्या बैलाच्या वर्षीचा, असं सांगायचे, पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचं, धरता आला तर सहा पूर्ण झाले असं मानायचं, आणि शाळा जूनला सुरू होणारी म्हणून तारीख 1 जून टाकायची. त्या अख्ख्या पिढीला जन्मतारीख बाईंनी आणि गुरुजींनी दिलीये. त्यातली जी पोरं पुढे सरकारी नोकरीत गेली ती 31 मे ला रिटायर झाली, कारण महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. तुमच्या आज्जींनी टाकलेल्या तारखेवर कुणाकुणाची पेन्शन सुरू झालीये, हे पुस्तिकेत यायला पाहिजे, मला तरी आदर्श शिक्षिका या दोन शब्दांपेक्षा ते फार मोठं वाटतं.

प्रश्न : आई जाऊन सात महिने झाले. बाबा 84 वर्षांचे आहेत. आईबद्दल बोला म्हटलं की म्हणतात, तिने मला कधी त्रास दिला नाही, आणि डोळे पुसतात. पुढे बोलतच नाहीत. त्यांच्याकडून काही आलं नाही तर पुस्तिका अपुरी राहील. (मुलगा, नाशिक)

उत्तर : दादा, त्यांना आईबद्दल विचारूच नका. एसटीबद्दल विचारा. पहिली बदली झाली तेव्हा सकाळची गाडी कितीची होती, डबा कोण भरायचं, गाडी चुकली तर काय करायचे. त्या पिढीतल्या पुरुषाला बायकोवर प्रेम होतं असं बोलायला जमत नाही, पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं म्हणून कंदील घेऊन कुठपर्यंत सामोरं गेलो हे तो तपशिलात सांगतो.

पैशाचंही विचारा, संकोच करू नका. पगार कुणाच्या हातात जायचा? आईंचा पगार त्या स्वतः ठेवायच्या का सासऱ्यांपुढे ठेवायच्या? सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर निघालं, घराच्या उताऱ्यावर नाव कुणाचं लागलं? बाबाही सरकारी नोकरीत असतील तर 1977-78 चा संप विचारा, तो 54 दिवस चालला होता आणि त्यात सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकही होते. ज्या घरात दोघंही नोकरदार तिथे दोन्ही पगार एकदम थांबले, अशा वेळी किराणा कुणी उधार दिला, कुठला दागिना गहाण पडला हे बाबांना पक्कं आठवत असेल. संसार म्हणजे काय ते त्या उत्तरात येईल.

आणि त्या दोघांची पत्रं असतील तर ती आधी हळू हाताने उलगडून सुकवून ठेवा, मग वाचा. बदलीमुळे नवराबायको वेगवेगळ्या तालुक्यांत असायचे, पती-पत्नी एकत्रीकरणाची बदली मिळेपर्यंत वर्षं जायची, त्यामुळे त्या पिढीतल्या शिक्षिकांच्या घरात इनलँड लेटरं सापडतातच. त्यात माझी आठवण येते का असलं काही नसतं म्हणून लोक निराश होतात. सावित्रीबाई फुल्यांनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आपल्याला माहीत आहेत, 1856, 1868 आणि 1877 सालची. पहिलं त्यांनी आजारपणात माहेरी नायगावला असताना लिहिलंय, त्यात भावाशी झालेला वाद आहे, आपण करतोय ते काम बरोबर कसं हे भावाला ठणकावून सांगितलंय, आणि शेवटच्यात दुष्काळाने माणसांचे, जनावरांचे काय हाल चाललेत ते आहे. सगळा मजकूर कामाचा. पण नवऱ्याला सोडून हे दुसऱ्या कुणालाच लिहिता आलं नसतं इतका त्यात विश्वास आहे. आईंच्या पत्रात इन्स्पेक्शन झालं, गव्हाचे पैसे पाठवा, धाकट्याला खोकला आहे एवढंच असलं तरी ते पान जसंच्या तसं छापा.

बाबा रडले तर रडू द्या. रेकॉर्डिंग बंद करा, पाणी द्या, आणि दुसऱ्या दिवशी परत बसा. एकाच बैठकीत सगळं उरकायला जाऊ नका.

प्रश्न : माझी आज्जी गणित शिकवायची. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवणी पाठवा म्हणून मेसेज टाकला होता. एकाने लिहिलंय की बाईंनी पाढे आले नाहीत म्हणून हातावर छडी मारली होती, तो अजून विसरलेला नाही. काका म्हणतात हे छापायचं नाही. मला वाटतं छापावं. तुमचं मत? (नातू, सोलापूर)

उत्तर : माझं मत तुमच्या बाजूने आहे. पण आधी त्या माणसाला फोन करा. त्यांनी लिहिलंय ते छापण्यासाठी लिहिलंय का मनातलं सांगून टाकलंय, हे विचारायला हवं. छापू नका म्हणाले तर विषय संपला, आणि तुम्ही ऐकून घेतलंत एवढं तरी झालं.

छापायचं झालं तर त्यांच्याच शब्दांत छापा, खाली मारलं म्हणून घडलो असली टीप जोडू नका. ते वाक्य म्हणायचा हक्क ज्याने मार खाल्ला त्यालाच आहे, आपल्याला नाही. तेव्हा छडी सर्रास होती हे खरंच आहे, पालक स्वतः आणून सोडायचे आणि म्हणायचे हाडं आमची मांस तुमचं, कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी घातली ती शिक्षण हक्क कायद्यात, तो 2009 चा आणि लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, तोवर तुमच्या आज्जी बहुधा निवृत्त झालेल्या असतील. तरी मुलाच्या हाताला लागलं ते लागलंच. काकांना सांगा की ज्या पुस्तिकेत एकही वळ नाही ती विद्यार्थी वाचणार नाहीत, कारण त्यांना माहितीये शाळा कशी असते. आणि जो माणूस इतक्या वर्षांनी तुमच्या मेसेजला उत्तर देतो त्याच्या मनात बाईंबद्दल आणखीही काही असणार, ते फोनवर निघतं का बघा, नाही निघालं तर तसंच राहू दे.

बाकीच्यांकडून आठवणी मागवताना खुला मेसेज टाकू नका, बाईंविषयी दोन शब्द असं म्हटलं की दोनच शब्द येतात. प्रत्येकाला एकच नेमका प्रश्न पाठवा. बाईंनी शिकवलेलं कुठलं गणित आजही तोंडपाठ आहे? पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, येते का अजून, म्हणून दाखवा. शाळा सुटल्यावर बाई कुठे दिसायच्या? व्हॉइस मेसेज मागवा, आणि लिहून काढताना त्यांची बोली सुधारत बसू नका, बाई आमाला लई जीव लावायच्या असं कुणी बोललं असेल तर तसंच ठेवा.

प्रश्न : सगळे आईचं कौतुक लिहितायत, गावाची आई वगैरे. मी तिची थोरली मुलगी. आम्ही मात्र तिला कमी मिळालो. शाळेची मुलं, जनगणना, निवडणूक, साक्षरता, पोलिओ, सगळ्याला वेळ होता. माझ्या मुलांवर मात्र तिने रिटायर झाल्यावर जीव ओवाळून टाकला. मी काय लिहू? खोटं लिहवत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी कितीतरी वेळा वाचलं. तुम्ही हेच लिहा, असंच. या सगळ्या पत्रांत मला खरीखुरी हाडामांसाची बाई सर्वात जास्त दिसली ती तुमच्या सात ओळींत.

फक्त लिहायला बसायच्या आधी एक करा, तुमच्या जन्माच्या वर्षाची त्यांची रजा किती होती ते सेवापुस्तकात बघा. आता राज्य सरकारी नोकरीत 180 दिवस प्रसूती रजा मिळते, तेव्हा 90 होती. त्यातले काही दिवस बाळंतपणाच्या आधीच गेलेले असणार, म्हणजे तुम्हाला मान धरता यायला लागली न लागली तोवर आईला एसटी पकडावी लागली. अंगावर पिणारं मूल घरी, ती दहा-पंधरा किलोमीटरवर, दुपारी पदर ओला व्हायचा आणि वर्गात चार इयत्ता एकत्र बसलेल्या. माझ्याबरोबरच्या बाया हे एकमेकींना मधल्या सुट्टीत सांगायच्या, घरी कुणी सांगत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. जनगणना आणि निवडणुकीची तर ऑर्डरच यायची, नाही म्हणायची सोय नव्हती, 1971, 81, 91 तिन्ही जनगणना पायी फिरून केलेल्या शिक्षिका आहेत. तुम्ही तिला माफ करा असं मी म्हणत नाहीये. तुमचं जे राहिलं ते राहिलंच, ते कुणाच्या कौतुकाने भरून निघत नाही. पण ती तुमच्यापासून लांब होती ते तिला तुमच्याहून शाळेची पोरं जास्त प्यारी होती म्हणून, असं जर तुमच्या मनात बसलं असेल तर ती तारखांची पानं एकदा समोर घ्या.

आणि नातवंडांचं. आज्जी झाल्यावर ज्या बाई वेगळ्याच झाल्या अशा मी पुष्कळ पाहिल्या. 58 व्या वर्षी पहिल्यांदा सकाळी घड्याळ बघावं लागत नाही, पहिल्यांदा मूल उशिरा उठलं तर चालतं, पहिल्यांदा वरणभात गरम असताना त्याच्यासमोर बसून भरवता येतो. तुमच्या मुलांना ती जे देत होती ते बघून तुम्हाला दोन्ही वाटलं असेल, बरंही आणि आत कुठेतरी दुखलंही, ते दोन्ही लिहा. तुमच्या मुलांनाही त्यांच्या बाजूचं लिहू द्या. दोन्ही लेख एकामागोमाग छापा, मधे संपादकीय काही घालू नका.

तिने कधी तुमच्यापाशी हे बोलून दाखवलं होतं का? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीये. दाखवलं असेल, अगदी ओझरतं, भाजी निवडताना एखादं वाक्य, तर ते आठवून बघा.

प्रश्न : सासूबाईंच्या टाचणवह्या (रोजच्या पाठाच्या तयारीच्या वह्या), तक्ते, शैक्षणिक साहित्याची पेटी असं भरपूर सामान आहे. फ्लॅटमध्ये जागा नाही. यजमान म्हणतात रद्दीत द्या आणि त्यांच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवू. योग्य होईल का? (एक सून, ठाणे)

उत्तर : रद्दीत नको, निदान सगळं नको. टाचणवह्यांतल्या दोन ठेवा, एक नोकरीच्या सुरुवातीची आणि एक शेवटची, दोन्हींत फरक काय पडला ते वाचायला फार मजा येते. सुरुवातीच्या वहीत सगळं छापील पद्धतीचं, उद्देश, साहित्य, फलश्रुती, आणि नंतरच्या वहीत कडेला पोरांची नावं येतात, हा जोडाक्षरात अडतो, हिला वजाबाकीत हातचा कळत नाही. बाकीच्या वह्यांचे मोबाईलवर फोटो काढा, भर उन्हात नको, खिडकीपाशी. ज्या पानावर विस्तार अधिकाऱ्यांचा शेरा आणि सही असेल ते पान हमखास घ्या.

साहित्याची पेटी शाळेला देताना आधी विचारा, नाहीतर ती तिथे कपाटावर धूळ खात पडते. चिंचोके, मण्यांच्या माळा, आइस्क्रीमच्या काड्यांचे दशक-सुट्टे हे आजही पहिलीच्या वर्गात लागतं आणि तरुण शिक्षक ते खुशीने घेतात. जुने हाताने रंगवलेले तक्ते एखाद्या अध्यापक विद्यालयाला हवे असतात, तिथे विचारून बघा.

बक्षिसाचं म्हणाल तर ठेव ठेवून तिच्या व्याजातून पहिल्या नंबराला बक्षीस, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि भावना चांगलीच आहे, पण व्याज तेवढंच राहतं, महागाई वाढते, काही वर्षांनी त्यात एक वहीसुद्धा येत नाही आणि नाव फक्त फळ्यावर उरतं. त्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला एकदा जा, मुख्याध्यापकांना विचारा यंदा कशाची अडचण आहे, पाण्याची टाकी असेल, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार असेल, गोष्टीची पुस्तकं असतील, ते द्या आणि रीतसर पावती घ्या. पहिला नंबर काढणाऱ्याला बक्षीस मिळतंच कुठूनतरी. सासूबाईंच्या नावाने काही द्यायचंच असेल तर जी मुलगी वर्षभर सर्वात लांबून चालत येते तिला सायकल किंवा निदान चांगली छत्री आणि दप्तर द्या, कोण ते वर्गशिक्षकांना बरोबर माहीत असतं. आणि हे जूनमध्ये करा, शाळा उघडल्या उघडल्या, डिसेंबरच्या गॅदरिंगपर्यंत थांबू नका.